घडीचा चाकू हाताला टोचते: पेपर, कानस का मशीन?

मागच्या हप्त्यात मोर्शीकडच्या एका मित्राचा फोन आला का भाऊ, नवीन घडीचा चाकू घेतला, धार एक नंबर आहे, पण अर्धा तास ड्रिपच्या नळ्या कापल्या का अंगठ्यावर लाल रेघ उमटते, आता याला कानस मारू का मशीनवर नेऊ? मी म्हटलं थांब बाप्पा, आधी टोचते कुठं ते तं पाहा, कशानं घासायचं ते त्याच्यावरच ठरते.

बहुतेक चाकूत टोचणाऱ्या जागा तीनच. एक पात्याची पाठ, जिच्यावर आपण अंगठा देऊन दाबतो. पातं सपाट पट्टीतून कापून निघते तं पाठीच्या दोन्ही कडा काटकोनात राहून जातात, त्या मोडायला वेगळा हात फिरवावा लागते आणि तो बरेच जण फिरवत नाहीत, कधीकधी महागाच्या चाकूतही नाही. दुसरी म्हणजे मुठीच्या आतल्या लोखंडी पट्ट्या, लॉक (उघडलेलं पातं मिटू नये म्हणून अडवणारी पट्टी) सोडताना बोट जिथं घासते तिथं त्या केसभर वर आलेल्या असतात. तिसरी खिशाला अडकवायची क्लिप, तिचं टोक तळहातात रुतते. क्लिपचं काही घासत बसू नका, दोन स्क्रू काढा, दुसऱ्या बाजूला लावा नाही तं फेकून द्या, विषय संपला.

नेमकी जागा शोधायची माझी रीत अशी का अर्धा तास खरं काम करायचं, मग तळहात पाहायचा, जिथं लाल झालं तिथं चाकूची कोणती कड येते ते पाहून त्या कडेला मार्कर फासायचा. मार्कर आहे तेवढंच घासायचं, शाई गेली का हात थांबवायचा. हे केलं नाही तं माणूस उत्साहात अख्खा चाकू घासून ठेवते.

आता पेपर. लाकडावर मारतात तो साधा काचकागद नको, डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात तो काळा वॉटर पेपर घ्या, पेंटच्या दुकानात मिळते, चहाच्या पैशात काम होते. 400, 800 आणि 1000 असे तीन नंबर पुरतात (नंबर मोठा तेवढा पेपर बारीक), कड फारच भल्ली तिखट असंन तं सुरुवातीला 220. पात्याच्या धारेवर आधी जाड पुठ्ठा आणि टेप गुंडाळायची (हे विसरू नका, मी विसरलो होतो, खूण अजून आहे बोटावर), मग धार खाली करून पातं वाइसमध्ये धरायचं, जबड्यांत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. पेपरची इंचभर रुंद पट्टी ओली करून पाठीवर टाकायची आणि दोन्ही टोकं धरून बूट पॉलिश करतात तशी मागे-पुढे ओढायची. पट्टी आपोआप गोलाईनं वळते, त्यामुळं कड सपाट कापल्या जात नाही, गोल होते, अन् कानस आणि पेपरमधला खरा फरक हाच आहे. पंधरा-वीस मिनिटांत अंगठा फिरवला तं लोण्यासारखा फिरते. जास्त घासल्या जाण्याची भीती जवळजवळ नाही, कारण पेपर सावकाश खाते.

कानस वेगानं खाते, पण तिची अडचण अशी का पातं कडक असते. कडकपणा मोजायचं एक रॉकवेल माप असते, त्यात व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विस चाकूचं पातं 55-56 च्या आसपास येते, फ्रान्सच्या ओपिनेलचं 57-58, आणि चांगली कानस साठीच्या वर असते. म्हणजे कानस पात्याला लागते, पण जेमतेम, आणि आजकालची काही पाती याहूनही कडक असतात, तिथं ती नुसती घसरते आणि तिचेच दात बसतात. डायमंडची बारीक कानस घ्या तं कडक पोलादावरही चालते. मात्र आतल्या लोखंडी पट्ट्या आणि स्विस चाकूच्या मागची स्प्रिंग पात्यापेक्षा नरम असते, तिथं साधी बारीक कानस मस्त काम करते, 45 अंशात तिरपी धरून चार-पाच हलके हात, बस. कानशीचे ओरखडे राहतातच, ते काढायला शेवटी पेपर लागतोच, म्हणून मी तं म्हणतो एकच गोष्ट घ्यायची असंन तं पेपर घ्या.

मशीनची गोष्ट वेगळी. मिनी ग्राइंडरचा छोटा दगड आतल्या खाचेत जाते जिथं बोटानं पेपर फिरवता येत नाही, एवढाच त्याचा फायदा. बाकी पात्याच्या पाठीला मशीन लावू नका. माझा एक चाकू मी इथंच एका वर्कशॉपात दिला होता, त्यानं दोन मिनिटांत पाठ गोल करून दिली, दिसायला सुरेख, पण टोकाजवळ निळा डाग आला. साधं कार्बन पोलाद 220-230 अंशाच्या आसपास पिवळसर होते आणि 300 च्या जवळ निळं, आणि निळं झालं म्हणजे तेवढ्या जागेचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. पाठ नरम झाली तं एकवेळ चालून जाते, पण टोकाला पातं पातळ असते, तिथं पाठीची गरमी धारेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. त्या चाकूचं टोक आता दोन दिवसांत बोथट होते. मशीन लावायचीच असंन तं उघड्या हातानं पातं धरा, चटका लागला का पाण्यात बुडवा, आणि शेतातली लाइन रात्रीची असंन तं हे काम दिवसावर ढकला, झोपेत ग्राइंडर नको.

धार लावायचा दगड? चालते, पण त्याची बाजू वापरा. वरच्या तोंडावर कड घासली तं खाच पडते आणि मग धार लावताना तीच खाच नडते.

मुठीचं मटेरिअल पाहा. लाकूड असंन तं आनंद आहे, 400 चा पेपर आणि वरून जवसाच्या तेलाचा हात, ते हळूहळू वाळून घट्ट होते, शेंगदाण्याचं लावलं तं चिकटच राहते. जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, पसरून वाळवा. प्लास्टिकला पेपरनं बारीक तंतू उठतात, तिथं दुसऱ्या चाकूची धार उभी धरून खरवडलेलं बरं. रंगीत अ‍ॅल्युमिनियम घासलं का रंग गेला, खालून पांढरं निघते, तो परत येत नाही. आणि जी-10 म्हणतात ते काचतंतू आणि रेझिनचं असते, त्याची धूळ छातीत जायला नको, पाण्याखाली घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, नुसत्या दुपट्ट्यावर भागवू नका.

संत्रावाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लागलेल्या झाडाची साल खरवडायची, मग मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची, तेव्हा बरेच जण धार खराब होऊ नये म्हणून पाठीनंच खरवडतात, आणि त्याला काटकोनी कडच लागते, गोल पाठ नुसती घसरते. रोपवाटिकेत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधताना टी आकाराच्या कापाची साल उचलायलाही काही लोक पाठीचं टोक वापरतात. म्हणून पाठ अख्खी गोल करू नका. मुठीपासून दीड-दोन इंच, अंगठा बसते तेवढीच, पुढची तशीच तिखट राहू द्या. पात्यावर काळं कोटिंग असंन तं घासलेल्या जागी ते जाईन, आणि पोलाद कार्बनचं असलं तं संत्र्याच्या रसानं ती जागा डागाळते, काम झालं का पुसत जा.

आणि एका जागेला कशानंच हात लावायचा नाही, पात्याच्या बुडाशी लॉकची पट्टी जिथं टेकते ते तोंड. तिथं केसभर गेलं तं पातं खेळायला लागते, आणि लॉक सुटून पातं बोटावर मिटलं तं टोचण्याची तक्रार बरी होती म्हणाल. घासायच्या आधी तिथं आणि पातं ज्याच्यावर फिरते त्या खिळ्याच्या जागी टेप लावा, झाल्यावर साबणाच्या पाण्यात ब्रशनं धुवा, उन्हात वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका.

मित्राचा चाकू लायनर लॉकवाला (आतलीच एक पट्टी पातं अडवते), मूठ जी-10 ची, टोचत होती पाठ आणि एक पट्टी. त्याला म्हटलं पाठीला वॉटर पेपर, पट्टीला बारीक कानशीचे चार हात आणि वरून पेपर, बाकी काही करू नको. आमच्या आबाजीचा लाकडी मुठीचा चाकू असता तं नुसता पेपरच सांगितला असता. काल त्यानं फोटो पाठवला, पाठ छान झाली, अन् क्लिप अजून तशीच आहे.