पाच सिमकार्डे आणि एक वही : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या घरात माणसे चार आणि सिमकार्डे पाच. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा आपला खर्च नेमका किती वाढला असे यजमानांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे खटकले. मार्च २०२५ पासून मी वाणसामानाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर प्रत्येक क्रमांकाची नोंद ठेवू लागले : सिम कोणाच्या नावावर आहे, वापरतो कोण, कोणत्या बँक खात्याला जोडले आहे आणि रिचार्ज कधी संपतो. त्याच महिन्यापासून दूरसंचार विभागाचे ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ आणि १९०९ ही नको असलेल्या जाहिराती रोखण्याची सेवा नियमितपणे वापरायला सुरुवात केली.

पैशांची खरी बचत झाली ती एकाच क्रमांकावर, सासूबाईंच्या. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे आणि त्यावरून त्या बोलण्यापलीकडे काहीही करत नाहीत. तरीही आम्ही त्यांना दर २८ दिवसांनी २९९ रुपयांचा, रोज एक जीबी डेटा देणारा रिचार्ज करत होतो. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला तेरा रिचार्ज होतात. अधिक मास सुमारे तीन वर्षांनी एकदा येतो, रिचार्जचा तेरावा महिना मात्र दरवर्षी येतो. तेरा वेळचे मिळून ३,८८७ रुपये होत होते आणि त्यातला डेटा त्यांच्या फोनला वापरताही येत नव्हता.

दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्राय या नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती करून, केवळ कॉल आणि एसएमएस असलेला रिचार्ज उपलब्ध ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा विशेष रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. जानेवारी २०२५ मध्ये हे रिचार्ज बाजारात आले. प्रत्यक्षात ते शोधणे मात्र सोपे नव्हते. आमच्या भागातल्या दुकानदाराने “असा पॅक नसतोच ताई” असे ठामपणे सांगितले, आणि कंपनीच्या अॅपमध्ये डेटाचे सगळे पॅक ओलांडून बऱ्याच खाली गेल्यावर तो सापडला. १,८४९ रुपयांत वर्षभर अमर्याद कॉल आणि ३,६०० एसएमएस मिळाले, म्हणजे त्या एका क्रमांकावर वर्षाला २,०३८ रुपये वाचले. दर बदलत असतात, त्यामुळे घेण्यापूर्वी त्या दिवसाचा आकडा पाहून घ्यावा. घरच्या ज्येष्ठांना वायफायबाहेरही व्हॉट्सअॅपवर नातवंडांचे फोटो पाहायचे असतील, तर या रिचार्जचा उपयोग नाही. माझ्या आणि यजमानांच्या क्रमांकांवर किरकोळ रक्कम वाचली. पुण्याला शिकणाऱ्या मुलाच्या क्रमांकावर एक रुपयाही वाचला नाही आणि वाचणारही नाही.

दुसरा मोठा फायदा मला अपेक्षित नव्हता. संचार साथीवर आपला क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत याची यादी दिसते. एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ जोडण्या चालतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडील राज्यांत ही मर्यादा सहा आहे. सासूबाईंच्या नावावर तीन निघाल्या. एक त्यांची स्वतःची. दुसरी मामंजी हयात असताना वापरत असलेली, जी आम्ही केवळ सवयीने चालू ठेवली होती. तिसरी कोणाची, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येईना. कधीतरी सिम घेताना दिलेल्या आधारकार्डाच्या झेरॉक्सचा हा प्रताप असावा, असा माझा अंदाज आहे. ‘हा माझा क्रमांक नाही’ हा पर्याय निवडून तक्रार नोंदवली, संदर्भ क्रमांक मिळाला आणि काही आठवड्यांनी तो क्रमांक यादीतून गेला.

मामंजींच्या क्रमांकापुढे ‘गरज नाही’ हा पर्याय मी त्याच बैठकीत निवडणार होते, पण वहीतल्या तिसऱ्या रकान्याने मला थांबवले. सासूबाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या खात्याला तोच क्रमांक जोडलेला होता. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग आपल्या खात्याचे संदेश त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. त्यामुळे आधी बँकेत दोन खेपा घालून क्रमांक बदलून घेतला आणि मगच ते सिम बंद केले. ज्यांना हे संकेतस्थळ वापरायचे आहे त्यांनी निदान एवढा क्रम तरी चुकवू नये.

१९०९ बद्दल माझे मत संमिश्र आहे. सर्व प्रकारच्या जाहिराती बंद करण्याची नोंद केल्यावर नोंदणीकृत कंपन्यांचे संदेश स्पष्टपणे कमी झाले, परंतु साध्या दहा अंकी क्रमांकांवरून येणारे कर्जाचे आणि प्लॉटचे फोन पूर्णपणे थांबले नाहीत. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर अशा फोनची तक्रार तीनऐवजी सात दिवसांपर्यंत करता येते. माझी पहिली तक्रार आमच्या कंपनीने तपशील अपुरा म्हणून बंद केली. त्यानंतर मी तारीख, वेळ आणि संभाषणाचा आशय फोन ठेवल्याबरोबर लिहू लागले. याच दुरुस्तीमुळे व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येते : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकारी. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने आणि बँका व वित्तसंस्थांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवलेले आहेत. मी हे सगळे एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले.

त्या कागदाची परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. सासूबाईंना ध्वनिमुद्रित आवाजात फोन आला की ट्रायच्या आदेशाने तुमचा क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, माहितीसाठी ९ दाबा. त्यांनी दाबला. पलीकडून एका गृहस्थाने आधार क्रमांक मागताच “तो सुनेकडे असतो, तिलाच फोन करा” असे सांगून त्यांनी फोन ठेवून दिला. ट्राय कोणाही ग्राहकाचा क्रमांक बंद करण्यासाठी फोन करत नाही. मी संचार साथीवरील ‘चक्षू’ या विभागात त्या फोनची माहिती दिली. चक्षू संशयास्पद फोन आणि संदेशांसाठी आहे. पैसे गेलेच असतील तर तिथे वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा लागतो. कुरिअरवाला असल्याचे सांगून कोणी २१ किंवा ४०१ असलेला, ताराचिन्हाने सुरू होणारा कोड दाबायला लावला, तर आपले फोन दुसरीकडे वळवले जाऊ शकतात. *#२१# दाबून तशी स्थिती तपासता येते आणि ##००२# ने वळवणे रद्द होते. दर महिन्याच्या एक तारखेला मी पाचही फोनवर हे पाहत असे. सिम बंद झाल्यापासून चार फोनवर पाहते.

ऑक्टोबरमध्ये सिन्नरच्या बसमध्ये यजमानांचा फोन गेला, तेव्हा संचार साथीवरील हरवलेला फोन बंद पाडण्याची सोय वापरावी लागली. ही यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच राज्यात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली होती. पोलिसांकडील तक्रारीची प्रत आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. तो *#०६# दाबून मी वहीत आधीच उतरवून ठेवला होता. अडचण वेगळीच आली. त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, आणि अर्जासाठी ओटीपी तर त्याच क्रमांकावर हवा. सिमची अदलाबदल करून होणारी फसवणूक टाळण्यासाठीच हा नियम आहे, हे मला पटते. पण त्या दिवशी चडफडाट झाला. दुसऱ्या दिवशी अर्ज गेला आणि फोन बंद झाला.

संचार साथीचे अॅपही आहे, पण मी संकेतस्थळच वापरते, कारण मला लागणाऱ्या गोष्टींसाठी फोनमधील कॉल आणि संदेश पाहण्याची परवानगी द्यावी असे मला वाटत नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस हे अॅप नव्या फोनमध्ये आधीच बसवण्याचा आदेश निघाला आणि टीकेनंतर डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ती सक्ती मागे घेतली गेली. चांगली सोय सक्तीने गळ्यात बांधली की तिच्याविषयी संशयच वाढतो.

यजमानांचा फोन अजून सापडलेला नाही. संकेतस्थळावर त्याची स्थिती ‘बंद केलेला’ अशीच दिसते आणि वहीत त्याच्यासमोर मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.