मदत कापावी की ठेवावी? विलायतेत मत देणाऱ्या भाचीसाठी

माझी भाची ब्रिटनमध्ये नर्स आहे. पासपोर्ट भारताचाच, पण राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक तिथं रीतसर राहत असतील तर त्यांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. पुढची निवडणूक 2029 पर्यंत केव्हाही होईल. रविवारी फोनवर तिनं विचारलं, "मावशी, इथं सगळे म्हणतात परदेशाला मदत पुरे झाली, आधी आपलं बघा. माझ्या वॉर्डातल्या सिस्टरही तेच म्हणतात. मी कुणाच्या बाजूनं राहू?" बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं आज तिकडं आहेत, म्हणून तिला दिलेलं उत्तर इथं लिहून काढते.

आधी पैसा किती ते बघू. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के रक्कम गरीब देशांना द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांत 1970 साली ठरलं. शंभर पौंडांतले सत्तर पेन्स. ब्रिटननं 2013 साली ते गाठलं आणि 2015 साली तसा कायदाही केला. करोनानंतर 2021 पासून आकडा 0.5 वर आला. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी तो 2027 पर्यंत 0.3 वर आणायचं जाहीर केलं, वाचलेला पैसा संरक्षणाला. त्यावरून त्यांच्याच मंत्री ॲनलीज डॉड्स यांनी राजीनामा दिला. हुजूर पक्ष 0.1 म्हणतो, लिबरल डेमोक्रॅट पुन्हा 0.7 कडे जाऊ म्हणतात.

कापा म्हणणाऱ्यांची बाजू

ही माणसं काही दगडाच्या काळजाची नाहीत. युक्रेनमध्ये युद्ध चाललंय, ऑपरेशनसाठी महिनोन् महिने थांबणारे पेशंट तू रोज बघतेस. घरची पोरं ताटकळत ठेवून गावजेवण घालू नये, हे कुणालाही पटेल.

त्याहून मोठी गोष्ट घेणाऱ्याच्या बाजूची आहे. मदतीला दोरी बांधलेली असते आणि तिचं दुसरं टोक देणाऱ्याच्या हातात असतं. 1965-66 मध्ये पाऊस गेला तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशोबानं सोडत होते. आपलं शेतीचं धोरण आणि व्हिएतनामबद्दलची आपली भूमिका, दोन्हींवर त्यांना दाब ठेवायचा होता. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, आणि आमच्या आजीनं तो सोमवार मरेपर्यंत पाळला.

जवळचं उदाहरण सांगलीच्या संग्राम संस्थेचं. एचआयव्हीसाठी अमेरिकी पैसा हवा असेल तर आम्ही वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं लिहून द्या, अशी अट होती. संग्रामचं कामच देहविक्रय करणाऱ्या बायकांना बरोबर घेऊन चालतं. त्यांच्याविरुद्ध कसं लिहून देणार? 2005 साली त्यांनी तो पैसा सोडला. मला आजही त्यांचा अभिमान वाटतो.

आणि भारताचंच बघ. ब्रिटननं 2012 साली सांगितलं की भारताला आर्थिक अनुदान 2015 पासून बंद. आपण काही कोलमडलो नाही. आज भारत एकट्या भूतानला वर्षाला दोन हजार कोटींहून जास्त देतो. पण हे लक्षात ठेव, की आपल्याला तीन वर्षं आधी सांगितलं होतं.

ठेवा म्हणणाऱ्यांची बाजू

मी खानापूर तालुक्यातल्या शाळेत असताना दुपारी पिवळं उप्पीट मिळायचं. मक्याच्या रव्याचं, केअर संस्थेमार्फत अमेरिकेतून आलेलं. मागच्या पडवीत तीन दगडांची चूल, वर मोठं पातेलं, आणि आम्ही जर्मनच्या ताटल्या घेऊन रांगेत. तेलाच्या डब्यावर हातात हात घेतलेलं चित्र असायचं. रिकामा डबा कुणी टाकत नसे. आमच्या घरी एकात बरीच वर्षं नाचणी भरलेली होती. माझ्या वर्गातल्या दोघी केवळ त्या उप्पिटासाठी शाळेत यायच्या, आणि त्यातली एक सातवीपर्यंत शिकली.

पुढं मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स झाले. बाळंतीण दगावायची ती बहुतेक रक्तस्रावानं. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की गाडी अलीकडंच थांबायची. वार पडली तरी अंगावरून जाणं थांबत नाही, लुगड्याच्या घड्या भिजत चालल्यात आणि सासू माझ्या तोंडाकडं बघतेय, ही अवस्था मी पाहिली आहे. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी 1,620 बाळंतिणींवर एक चाचणी केली. निम्म्या जणींना प्रसूतीनंतर लगेच मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. गोळ्या देणाऱ्या आमच्यासारख्या एएनएमच. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण शंभरात 12 वरून साडेसहाच्या आत आलं. 2006 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. पैसा अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधनाचा आणि गेट्स फाउंडेशनचा होता. तो मदतीच्या खात्यातला नव्हे, हेही सांगायला हवं. पण श्रीमंत देशाच्या करातला पैसा आपल्या उपकेंद्रापर्यंत पोचला तर काय होतं, ते त्यातून दिसतं.

आता कपातीचा हिशोब. 2021 मध्ये ब्रिटननं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीला गर्भनिरोधक आणि बाळंतपणाच्या औषधांसाठी द्यायची रक्कम 15.4 कोटी पौंडांवरून 2.3 कोटींवर आणली. 85 टक्के, एका फटक्यात. अमेरिकेनं जानेवारी 2025 मध्ये मदत गोठवली, मार्चमध्ये यूएसएड या आपल्या सरकारी मदत संस्थेचे 83 टक्के कार्यक्रम रद्द केले आणि 1 जुलैला ती संस्थाच गुंडाळली. हा खड्डा असाच राहिला तर 2030 पर्यंत 1 कोटी 40 लाख जादा मृत्यू होतील, असा अंदाज लॅन्सेटमधल्या अभ्यासात आहे.

अचानक बंद होणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत परदेशी पैशावर एक प्रकल्प चालायचा. एका शनिवारी त्याची माणसं आली, वजनकाटा काढून नेला, वह्यांचं पोतं व्हरांड्यात ठेवलं आणि गेली. पुढच्या गुरुवारी बायका पोरांना घेऊन नेहमीसारख्या आल्या. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. कुठलं पोर वजनात मागं आहे, ते त्या वह्यांतून शोधायला मला दोन महिने लागले.

मग मत कुणाला

तुमच्याकडं "मदत" म्हणून जे मोजतात, ते सगळं बाहेर जातच नाही. 2023 साली ब्रिटनच्या मदतीतला चौथ्या हिश्श्याहून जास्त, सुमारे 430 कोटी पौंड, ब्रिटनमध्येच आश्रय मागणाऱ्यांना सांभाळण्यावर गेला. त्या लोकांना निवारा द्यायलाच हवा, पण तो खर्च आफ्रिकेत मलावीसारख्या गरीब देशातल्या बाळंतिणीच्या नावावर का? म्हणून 0.5 की 0.3 एवढ्यावर भांडू नकोस. 0.5 मधले निम्मे घरातच राहिले, तर ते 0.3 पेक्षा कमीच.

मी तुझ्या जागी असते तर दारावर येणाऱ्या उमेदवाराला दोन गोष्टी विचारल्या असत्या. यातलं देशाबाहेर किती जाणार? आणि जे बंद करणार, ते चालवणाऱ्या सरकारला किती वर्षं आधी कळवणार? नायजेरियासारखा देश थोडं तरी सावरतो. अमेरिकेनं हात काढल्यावर त्यांनी आपल्या आरोग्य बजेटमध्ये 20 कोटी डॉलर घातले. मलावीला तेवढी ऐपत नाही. भारताला दिली तशी तीन वर्षं जो देईल आणि लसी, बाळंतपण, पोरांचं खाणं शेवटी कापीन म्हणेल, त्याचा आकडा थोडा कमी असला तरी मी त्याला मत देईन. 0.1 म्हणणाऱ्याला मात्र नाही. तेवढ्यात हे काहीच बसत नाही.

वॉर्डातल्या सिस्टरना उप्पिटाचं सांग. आणि तिथल्या मतदार यादीत नाव घातलंस का, ते आधी कळव.