पऱ्हाट्यांचा बायोचार: इंदुरात गिऱ्हाईक कुठलं धरावं?

निमाडातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आणून इंदूरजवळ बायोचारची (हवा कोंडून भाजून केलेल्या कोळशाची) भट्टी टाकायचं मनात असेल, तर माल शेतीबाहेर कुणाला विकायचा हे आधी ठरवा. सांडपाणी, गोबरगॅस, काँक्रीट आणि इंधन अशा चार वाटा आहेत. माझा कौल गोबरगॅसला आहे.

पहिली उडी बहुतेकांची सांडपाण्यावर पडते. तिथे गाठ अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनशी, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या खास सच्छिद्र कोळशाशी असते. तो 800 ते 1000 अंशांवर वाफ देऊन बनवतात आणि त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. 500 अंशांवर काढलेला साधा बायोचार त्याच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय सांडपाण्यातून रंग काढायचा असेल तर तो कोणता हेही बघावं लागतं. रामबागेतल्या घरी मी दोन बरण्या भरल्या. एकीत मिथिलीन ब्लू, दुसरीत सुती कापडाचा रिअ‍ॅक्टिव्ह लाल, आणि दोन्हींत पऱ्हाटीच्या कोळशाची दोन-दोन चमचे पूड. सकाळी निळी बरणी जवळजवळ नितळ झाली होती, लाल होती तशीच. बायोचारच्या पृष्ठभागावर सहसा ऋण प्रभार असतो. मिथिलीन ब्लू धन असल्यामुळे चिकटतो, रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋण असल्यामुळे लांब राहतो. सुती डाइंगवाल्याला शब्द देण्याआधी त्याच्याच पाण्यावर हा प्रयोग करा.

शिसं, तांबं, कॅडमियम मात्र बायोचार चांगलं धरतो. पण धातू प्यायलेला कोळसा घातक कचऱ्यात मोडू शकतो. विल्हेवाटीचा खर्च भावात आधीच धरा, आणि असा कोळसा कुणाच्याही शेतात जाऊ देऊ नका. ती माती पुन्हा सुधारणं फार अवघड असतं.

गोबरगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. तो इंजिन आणि पाइप खातो. ओलसर, अल्कधर्मी बायोचार त्याला पकडतो, आणि थोडा ऑक्सिजन मिळाला की त्याचं गंधक होतं. म्हणजे इतरत्र नडणारा राखेतला पोटॅश इथे कामाला येतो. वापरून झालेला कोळसा कंपोस्टात घालता येतो, त्यातलं गंधक सोयाबीनला उपयोगी पडतं. पूड भरू नका, गॅस अडतो. फुटाण्याएवढे तुकडे ठेवा. गॅसमध्ये हवा सोडायची असेल तर प्रमाण जाणकाराकडूनच ठरवून घ्या, चुकलं तर स्फोट होतो. देवगुराडियाला 2022 साली सुरू झालेला रोजच्या 550 टन ओल्या कचऱ्याचा प्रकल्प पाहून मोहात पडू नका. एवढ्या मोठ्या प्रकल्पाची गॅसशुद्धी त्याच्या आराखड्यातच असते. आपलं गिऱ्हाईक म्हणजे गोशाळा आणि डेअरीवाले.

काँक्रीटच्या पेव्हर ब्लॉकचा विचार दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. सिमेंटच्या वजनाच्या 1-2 टक्के बारीक पूड पाणी धरून हळूहळू सोडते, क्युरिंगला (काँक्रीट ओलं राहून पक्कं होण्याला) मदत होते. जास्त घातली तर ताकद उतरते. खप थोडाच, पण कार्बन ब्लॉकमध्येच राहतो: 75 टक्के कार्बन असलेल्या एक टन बायोचारमध्ये पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइडचा कार्बन असतो. कार्बन क्रेडिटचा, म्हणजे हवेत न सोडलेल्या कार्बनबद्दल मिळणाऱ्या विकाऊ प्रमाणपत्राचा, हिशेब इथे मांडता येतो. इंधन म्हणून बॉयलरमध्ये जाळला की तो कार्बन परत हवेत, मग साठवणुकीचं क्रेडिट कसलं! आणि गव्हाच्या भुशाचा कोळसा असेल तर राखेचा थर नळ्यांवर बसतो तो वेगळाच.

पहिली भट्टी उघडाल तेव्हा कोळशावर भरपूर पाणी मारा आणि एक दिवस पातळ पसरून ठेवा. घाईने पोत्यात भरलेला कोळसा आतून पुन्हा पेटतो. मग सामू (pH) आणि राखेचं प्रमाण तपासून घ्या, आणि दहा किलोचा नमुना घेऊन जवळची गोशाळा गाठा.