मारुती फ्रॉन्क्स १.२ पेट्रोल: हायवेला दम पुरतो का? वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

उत्तर आधीच देऊन टाकते. चौपदरी रस्ता असेल तर ही गाडी हायवेला पुरते, चांगली पुरते. पण दोन पदरी घाट, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली आणि एसी चालू असं सगळं एकदम जुळून आलं, की तिच्याकडून ताकद काढून घ्यावी लागते. गिअर खाली आणला की ती देते. वरच्या गिअरमध्ये नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलात तर देत नाही. नव्याने गाडी घेणाऱ्यांचा सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमची गाडी टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली, १.२ लिटरची, पाच गिअरची मॅन्युअल. कागदावर ९० पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) आसपास ताकद आणि ११३ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. रिकाम्या गाडीचं वजन एक टनाच्या थोडं खालीच. गेल्या दसऱ्याला घेतली. उसाचा हंगाम, उन्हाळा आणि पावसाळा असं सगळं तिच्यावर काढून झालं आहे. नोकरी पुण्यात, सासर कोल्हापुरात, माहेर रत्नागिरीजवळ पालीला. त्यामुळे पुणे-कोल्हापूरचा मोठा हायवे आणि कोल्हापूर-रत्नागिरीचा आंबा घाट हे दोन्ही आमच्या नेहमीच्या वाटेवरचे. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते.

सोप्या रस्त्यापासून सुरुवात करते. पुण्याहून निघून कात्रजचा बोगदा ओलांडला की पुढे कोल्हापूरपर्यंत नव्वद-शंभरने ही गाडी आरामात धावते. शंभरला पाचव्या गिअरमध्ये आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा) काटा तीन हजारांच्या खालीच असतो, इंजिनाचा आवाज डोक्यात जात नाही, मागच्या सीटवर मुलं झोपतात. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. सपाट रस्त्यावर एवढ्या आकाराची गाडी शंभरने नुसती चालती ठेवायला साधारण वीस-पंचवीस हॉर्सपॉवर लागते. नव्वदातले वीस-पंचवीस. म्हणून सपाटीवर कुठलीही आजची छोटी गाडी ‘हायवेला चालत नाही’ म्हणणं मला पटत नाही.

एकशेवीसचं गणित थोडं वेगळं. वेग वाढतो तशी हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. शंभरावरून एकशेवीसला गेलात, तर वेग वीस टक्के वाढला, पण हवेसाठी लागणारी ताकद सत्तर टक्क्यांहून जास्त वाढली. नात्यातल्या एका लग्नासाठी नागपूरला गेलो तेव्हा समृद्धी महामार्गावर हे नीट अनुभवलं. तिथे सपाटीवर कारसाठी १२० ची मर्यादा आहे. गाडी एकशेवीस गाठते आणि धरूनही ठेवते. पण समोरून वारा असला किंवा हलका लांब चढ आला की वेगाचा काटा हळूहळू एकशेदहाकडे येतो, आणि पाचव्यात पाय पूर्ण दाबूनही लगेच परत वर जात नाही. चौथा टाकला की जाते. मला एकशेपाचने चालवायला आवडलं. तेवढ्या वेगाला इंजिनही मोकळं वाटतं आणि पेट्रोलही वाचतं. नव्वद-शंभरला मला वीसच्या आसपास अ‍ॅव्हरेज मिळतं. एकशेवीस धरलं तर सोळा-सतरावर येतं. टाकी ३७ लिटरची आहे, म्हणजे नागपूरच्या प्रवासात हा फरक पंपावर थांबण्याच्या संख्येत दिसतो. हलकी गाडी असल्यामुळे उघड्या माळावर आडवा वारा आला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. या आकाराच्या सगळ्याच उंच गाड्यांचं तसं असतं. निघण्यापूर्वी टायरची हवा थंड टायरवर तपासा. काँक्रीट, ऊन आणि तासन्‌तास एकसारखा वेग यात टायर चांगलाच तापतो.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेबद्दल फार लिहायचं कारण नाही. कारला सपाटीवर शंभरची मर्यादा आहे, घाटात त्याहून बरीच कमी, आणि कॅमेरे आहेत. त्या मर्यादेत चालवायला ही गाडी भरपूर आहे. खोपोलीकडून वर चढताना चौथा-तिसरा करावं लागतं, एवढंच.

आता आंबा घाट. खरी परीक्षा तिथेच होते, कारण आम्ही उतरताना रिकामे असतो आणि चढताना भरलेले.

मे महिन्यात पालीहून परत निघतो तेव्हा गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. ३०८ लिटरच्या डिकीत आंब्याच्या पेट्या, आईने दिलेले नारळ, कोकमं, एखादा फणस. पायाशीही पिशव्या. माणसं-सामान मिळून साडेतीनशे-चारशे किलो सहज होतं. म्हणजे एक टनाची गाडी चौदाशे किलोकडे सरकते. त्यात कोकणातला मे महिना, एसी बंद करणं शक्यच नाही. साखरप्यापर्यंत काही जाणवत नाही. तिथून पुढे घाट सुरू झाला की साठने चौथ्यात जाणारी गाडी पहिल्याच मोठ्या चढाला जड वाटायला लागते. पाय खाली जातो, आवाज वाढतो, वेग मात्र कमीच होत राहतो.

याचं कारण समजून घेतलं की चालवणं एकदम सोपं होतं. शंभर मीटरला सहा मीटर असा चढ धरला, तर एवढी भरलेली गाडी साठने वर न्यायला पंचवीसच्या आसपास हॉर्सपॉवर लागते. आता कुणी म्हणेल, गाडीत नव्वद आहेत की. आहेत, पण ते सहा हजार आरपीएमला. साठच्या वेगात चौथ्या गिअरला इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरत असतं, आणि तिथे हे इंजिन जास्तीत जास्त तीसपर्यंत हॉर्सपॉवर देऊ शकतं. त्यातले काही एसीचा कॉम्प्रेसर खातो, काही गिअरबॉक्स आणि चाकांच्या वाटेत जातात. हातात उरतं जवळजवळ शून्य. म्हणून गाडी वेग घेत नाही. याच वेगाला तिसरा टाका: काटा पावणेतीन हजारांकडे जातो आणि चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर मिळते. साडेतीन हजारांपर्यंत नेलंत तर पन्नासच्या पुढे. टॉर्कचा शिखरबिंदूच ४४०० आरपीएमला आहे. गाडी बनवणाऱ्यांनी तो तिथे ठेवलाय याचा अर्थ इंजिन तिथपर्यंत फिरवायचं आहे.

आपल्याकडे अनेकांना तीन हजारांच्या वर काटा गेला की जीव वर-खाली होतो. ‘इंजिन बोंबलतंय, गिअर टाक’ असं शेजारी बसलेलं माणूस हमखास म्हणतं. माझे वडील अजून म्हणतात. त्यांची सवय जुन्या डिझेल जीपची. ती कमी आरपीएमवर ओढायची, आणि त्या इंजिनाला ते बरोबरही होतं. छोट्या पेट्रोल इंजिनाला उलट वागवावं लागतं. भरल्या गाडीत, उन्हात, चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबून ठेवला तर इंजिन ठकठकायला लागतं. आजकालचा कॉम्प्युटर ते ओळखून ठिणगीची वेळ मागे घेतो, त्यामुळे असलेली ताकदही कमी होते. म्हणजे चौथ्यात रडत चढण्यापेक्षा तिसऱ्यात साडेतीन हजारांवर चढणं इंजिनाला जास्त सुखाचं असतं. मी आता घाटाच्या पायथ्यालाच तिसरा टाकते आणि वळणावळणाच्या चढावर दुसरा. गाडी मरण्याची वाट बघत नाही. उतरतानाही तोच गिअर ठेवते, ब्रेक तापत नाहीत.

ओव्हरटेकबद्दल मात्र मला जरा जास्त काळजीने लिहावंसं वाटतं, कारण इथे चूक झाली तर गाडीचं नाही, माणसांचं नुकसान होतं. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूर-मलकापूर रस्त्यावर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर वीस-पंचवीसने चाललेले असतात. त्यांच्यामागे एसटी, एसटीच्या मागे आपण. ट्रॅक्टर पार करायला दुसरा गिअर हवा, तिसरा नाही. साठने चाललेली एसटी पार करायची असेल तर तिसरा, आणि तो पुढे शंभरकडे जाईपर्यंत सोडायचा नाही. मध्येच चौथा टाकला तर समोरून येणारा ट्रक दिसत असताना गाडी सुस्तावल्यासारखी वाटते. गिअर एसटीच्या मागे असतानाच पाडायचा, उजवीकडे बाहेर पडल्यावर नाही. आणि गाडी भरलेली असताना, एकटी असताना घेतली असती त्यातली निम्मी संधी मी सोडून देते. नवऱ्याला ते सुरुवातीला फार संथ वाटायचं. आता तोही तसंच चालवतो.

एकटीने चालवताना हीच गाडी चटपटीत वाटते. वजन कमी असल्याचा इथे खूप फायदा आहे. याच ताकदीचं इंजिन शे-दीडशे किलो जड गाडीत बसवलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. म्हणून गाड्यांची तुलना करताना नुसता हॉर्सपॉवरचा आकडा बघू नका. वजन बघा आणि टॉर्क किती आरपीएमला मिळतो तेही बघा.

आता टर्बोचं. माझ्या धाकट्या दिराकडे हीच गाडी एक लिटरच्या टर्बो इंजिनाची आहे. कागदावर १०० पीएस. नव्वद आणि शंभर यात फार अंतर दिसत नाही, पण टॉर्क १४७.६ न्यूटन मीटर, आणि तो २००० आरपीएमपासूनच मिळतो. मी तीच गाडी आंबा घाटातून भरलेल्या अवस्थेत चालवून पाहिली. जिथे मला तिसरा लागतो तिथे ती चौथ्यातच वेग घेते. ओव्हरटेकला मिळणारा दिलासा अगदी स्पष्ट जाणवतो. फक्त दोन हजारांच्या खाली ती थोडी वाट बघायला लावते, हळू वळणातून बाहेर पडताना ते कळतं, आणि तिथे गिअर तिलाही लागतोच. शहरात मला आमचीच गाडी जास्त सरळ वाटते. पाय जेवढा हलेल तेवढं इंजिन हलतं. घेताना टर्बोला लाखभराच्या आसपास जास्त मोजावे लागले होते.

उंचीचाही एक मुद्दा आहे. हवा विरळ होते तशी बिनटर्बो इंजिनाची ताकद शंभर मीटरला साधारण एक टक्का कमी होते. वाईहून पसरणी घाट चढून महाबळेश्वरला गेलात, तर तिथे सुमारे १३५० मीटर उंचीवर गाडीची बारा-तेरा टक्के ताकद कमी झालेली असते. सामान भरून, पाच जण बसवून वर्षातून एकदा जाणाऱ्याला त्याची फिकीर नको. पण ज्यांचं घरच पाचगणी-महाबळेश्वरकडे आहे, किंवा जे हिमाचल-लडाखची स्वप्नं बघतात, त्यांनी टर्बोच घ्यावी.

सीएनजीवाल्यांसाठी दोन ओळी. हेच इंजिन सीएनजीवर ७७.५ पीएस आणि ९८.५ न्यूटन मीटर देतं, वर टाकीचं वजन आणि डिकीतली गेलेली जागा. रोज पुणे-चाकण किंवा पुणे-सातारा करणाऱ्याला पैशाच्या दृष्टीने ती उत्तम. घाटाच्या पायथ्याला बटण दाबून पेट्रोलवर घ्यायची, एवढी सवय लावून घ्या.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी समाधानी आहे आणि पुन्हा निवड करायची वेळ आली तरी आमच्या वापराला हीच घेईन, कारण वर्षातला बहुतेक प्रवास दोघांचा किंवा चौघांचा आणि चौपदरी रस्त्यावरचा. माहेर-सासर दोन्ही घाटापलीकडे, दर शनिवार-रविवार पाच जण भरून जाणं आणि गिअर सतत हलवण्याचा कंटाळा, असं ज्यांचं आहे त्यांना मी स्वच्छ सांगेन की टर्बोसाठी थांबा, वर्षभर जास्त पैसे साठवा.

टेस्ट ड्राइव्हला मात्र एकटे जाऊ नका. शोरूमच्या मागच्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारून काही कळत नाही. घरातले चार जण बरोबर घ्या, एसी पूर्ण चालू ठेवा आणि जवळचा चढ मागून घ्या: पुण्यात असाल तर बोपदेव किंवा कात्रजचा जुना घाट, कोल्हापुरात असाल तर पन्हाळ्याचा रस्ता. चढाच्या मध्यावर, मागे गाडी नाही हे बघून, वेग तीसवर आणा आणि तिथून दुसऱ्या गिअरमध्ये परत उचला. मग तेच तिसऱ्यात करून बघा. दुसऱ्यात गाडी ज्या पद्धतीने उठते ते तुम्हाला चालणार असेल, तो आवाज तुमच्या घरच्यांना सहन होणार असेल, तर बुकिंग करा.