हॉयके स्टीम ड्रिल: बीएस्सीच्या विद्यार्थ्यांनी हिमनदीवर न्यावं का?

हॉयके म्हणजे वाफेने बर्फात भोक पाडायचं यंत्र. ते न्यावं, पण काम उघड्या, स्वच्छ बर्फावरचं असेल तरच.

हिमनदी वर्षभरात किती वितळली हे मोजायला बांबूच्या काठ्या बर्फात पुरतात. हिमालयात हिमनदीच्या खालच्या भागातला तीन-चार मीटर बर्फ एका उन्हाळ्यात सहज जातो, म्हणून भोक आठ मीटर तरी खोल हवं. हाताने फिरवायच्या ऑगरने (लांब गिरमिटाने) इतकं खोल जाताना पुन्हा पुन्हा अख्खा दांडा वर काढून चुरा झटकावा लागतो. साडेचार हजार मीटर उंचीवर विरळ हवेत हे काम मुलांचा जीव काढतं. हॉयकेत गॅसच्या बर्नरवर पाणी उकळतं, वाफ नळीतून टोकाच्या नॉझलला जाते आणि दांडा आपल्याच वजनाने उतरतो. तो दाबू नका, भोक तिरकं जातं. हिमाचलातल्या लाहौलच्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून चाललेल्या मोजणीत हेच यंत्र वापरलं गेलं आहे.

खोळंबा होतो तो बहुतेक वेळा गॅस आणि पाण्यामुळे. थंडीत ब्युटेनचा नीट वायू होत नाही आणि पहाटे बर्नर मरतो. प्रोपेन मिसळलेला गॅसच घ्या. सिलिंडर विमानात चालत नाही, तो मनालीतच घ्यावा. हिमनदीच्या दुधाळ पाण्यातली दगडाची पूड नॉझल बुजवते, म्हणून पाणी दुहेरी सुती कापडातून गाळा. बॉयलर कोरडा पडण्याआधी बर्नर बंद करा, सेफ्टी व्हॉल्व्ह रोज सकाळी तपासा.

वाफेला दगड फुटत नाही. दांडा अडला तर झगडू नका, दोन मीटर बाजूला सरका. दगडगोट्यांनी झाकलेल्या हिमनदीवर मात्र हे सारखंच होणार. हिमनदीच्या वरच्या भागातल्या भुसभुशीत फर्नमध्ये (अजून पुरता बर्फ न झालेल्या जुन्या हिमात) वाफ आजूबाजूला मुरून वाया जाते. तिथे घनताही मोजायची असते, तेव्हा बर्फाचा अखंड दंडगोल कापून काढणारं कोअर ड्रिलच न्या.

बांबूचे दोन-दोन मीटरचे तुकडे तारेने जोडा, म्हणजे बर्फ उतरला की वरचा तुकडा आडवा पडतो, मोडत नाही. भोकात पाणी साचतं आणि बांबू त्यात वर येतो, हे फार जण विसरतात. म्हणून दुसऱ्या दिवशी बाहेरची लांबी पुन्हा मोजा आणि तोच आकडा वहीत लिहा. काठीभोवती बर्फात खळगा होतो, तेव्हा बर्फावर सपाट फळी ठेवून तिच्यापासून वर मोजा. मागच्या वर्षी काठी १.१० मीटर बाहेर होती, यंदा ३.५० असेल, तर २.४० मीटर बर्फ गेला. बर्फाच्या घनतेसाठी ०.९ ने गुणलं की २.१६ मीटर पाणी. वर ताजा हिम असेल तर आधी तो खणून खालच्या बर्फापर्यंत जा.