हँडीकॅमची कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना: तारीख कशात टिकते, कशात जाते

गोदावरीला पाणी वाढलं की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. पण तेच शूटिंग पंधरा वर्षांनी टीव्हीवर लावलं की मारुती तोच, पाणी तसंच गढूळ, पुलावरची गर्दीही तशीच. साल कुठलं ते काही कळत नाही. आमच्याकडे यावरून भर जेवणात वाद झाला. आई म्हणाली २००६, भाऊ म्हणाला २००८. पेनड्राइव्हवरच्या फाइलला तारीख होती, पण ती दुकानदाराने कॅसेट कॉपी केली त्या मंगळवारची. नशीब, मूळ मिनी डीव्ही कॅसेट कुणी टाकून दिली नव्हती. ती कॅमेऱ्यात घालून रिमोटवरचं 'डेटा कोड' बटण दाबलं आणि कोपऱ्यात आलं: १९-९-२००८. त्या वर्षीचा मोठा पूर. आई काही बोलली नाही, भाऊ उगाच बरंच बोलला.

तेव्हा घरात कॅसेटी असतील आणि दुकानात द्याव्यात की स्वतः कराव्यात या विचारात असाल, तर भाव विचारण्याआधी तारखेचं विचारा. चित्र थोडं कमी-जास्त झालं तरी चालतं. तारीख एकदा गेली की घरातली माणसं आठवणीवर भांडत बसतात.

आधी हातातली कॅसेट कुठली ते बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. हाय-एट आणि व्हीएचएस-सी या ॲनालॉग कॅसेटी. त्यांत तारीख साधारणपणे चित्रावरच छापलेली असते. शूटिंग करताना कुणी तारखेचं बटण चालू ठेवलं असेल तर आहे, नसेल तर नाही. अशा कॅसेटींसाठी महागडी खटपट करू नका; कुठल्याही मार्गाने घेतल्या तरी तारखेच्या बाबतीत सहसा फरक पडणार नाही. मिनी डीव्हीचं वेगळं. तिथे चित्राच्या प्रत्येक फ्रेमबरोबर शूटिंगची तारीख आणि वेळ टेपवर गुपचूप लिहिली जाते, म्हणजे आपल्याकडच्या 'पाल' या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ वेळा. एक फसगत लक्षात ठेवा: १९९९ पासून आलेले डिजिटल-एट कॅमेरे हाय-एटच्याच कॅसेटवर डिजिटल रेकॉर्डिंग करायचे. कॅसेटवर 'हाय-एट' छापलंय म्हणून ती ॲनालॉग समजू नका. कॅमेऱ्यावर काय लिहिलंय ते बघा.

आता मिनी डीव्हीवाल्यांपुढचे दोन मुख्य रस्ते.

पहिला, यूएसबीचं छोटं कॅप्चर यंत्र. कॅमेऱ्यातून पिवळी-पांढरी-लाल वायर काढायची, यंत्रात खुपसायची, लॅपटॉपला लावायची. स्वस्त, कुठल्याही लॅपटॉपवर चालतं, अर्ध्या तासात जमतं. बऱ्याच दुकानांत हेच वापरतात, किंवा थेट डीव्हीडी रेकॉर्डरवर घेतात. पण त्या वायरमधून फक्त चित्र आणि आवाज येतो. फ्रेमबरोबरची तारीख कॅमेऱ्यातच राहते. फाइलला जी तारीख लागते ती तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबलं त्या दिवसाची. शिवाय साठ मिनिटांची एकच सलग फाइल मिळते. बारसं कुठे संपलं आणि त्र्यंबकेश्वरची सहल कुठे सुरू झाली ते हाताने शोधायचं.

दुसरा, फायरवायर नावाची डिजिटल जोडणी. सोनीच्या कॅमेऱ्यावर त्याला आय-लिंक म्हणतात, काहींवर नुसतं 'डीव्ही' लिहिलेलं असतं, चार पिनांचं बारकं भोक. इथे चित्राचं नव्याने रेकॉर्डिंग होत नाही. टेपवरचा डिजिटल मजकूर जसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरतो आणि त्यात तारीखही येते. त्यासाठी विंडोजवर विन-डीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब हे प्रोग्रॅम, दोन्ही फुकट. दोन्हींत फाइलच्या नावात शूटिंगची तारीख-वेळ घालायची सोय आहे, आणि तारखेत खंड दिसला की नवी फाइल सुरू करायचीही. पहिल्यांदा हे चालवलं तेव्हा मी चहा करायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर फोल्डरमध्ये अकरा फाइली, प्रत्येकीच्या नावात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट. बारसं वेगळं, सहल वेगळी. आतली तारीख तपासायची असेल तर मीडियाइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये फाइल टाका, रेकॉर्डिंगची तारीख दिसते.

फायरवायरची अडचण आहे ती सामानाची. नव्या लॅपटॉपला ते भोकच नसतं. ऑनलाइन मिळणारी 'यूएसबी ते फायरवायर' वायर घेऊ नका. मी घेतली आणि पैसे पाण्यात गेले. ती नुसत्या पिना जोडते आणि दोन्ही बाजूंची भाषा वेगळी असल्याने कॉम्प्युटरला कॅमेरा दिसतच नाही. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या यूएसबी पोर्टवरही भिस्त ठेवू नका. बहुतेकांत तो मेमरी कार्डातले फोटो काढायला किंवा वेबकॅमसारखं हलकं चित्र दाखवायला दिलेला असतो. लागतं ते डेस्कटॉपमध्ये बसणारं फायरवायर कार्ड, नाहीतर कुणाच्या माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉप. मॅकवाल्यांनी जुनाच मॅक वापरावा, कारण मॅकओएसच्या २०२५ च्या टाहो आवृत्तीत ॲपलने फायरवायरचा आधार काढून टाकला. विंडोज १० वर फायरवायरचा जुना 'लेगसी' ड्रायव्हर घालावा लागतो. मला विचाराल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करणं कमी डोकेदुखीचं. आणि वायर लावताना-काढताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. सहा पिनांच्या बाजूने वीज येते, उलटं खुपसलं तर कॅमेऱ्याचं पोर्ट कायमचं जातं.

जागाही भरपूर लागते, तासाला साधारण १३ जीबी. पंधरा कॅसेटी म्हणजे जवळपास २०० जीबी. आजच्या हार्डडिस्कच्या मानाने हे काहीच नाही. वेळ मात्र दोन्ही रस्त्यांनी सारखाच, तासाच्या कॅसेटला एक तास.

मधली एक पळवाट आहे. फायरवायर जमतच नसेल, तर 'डेटा कोड' चालू ठेवून आणि मेन्यूमध्ये स्क्रीनवरची अक्षरं बाहेर पाठवायची सेटिंग लावून यूएसबी यंत्राने रेकॉर्ड करा. तारीख चित्रावर छापली जाईल. आजीच्या चेहऱ्याशेजारी आकडे दिसतात, पण वर्ष तरी कळतं. वेळ असेल तर एकदा आकड्यांसह आणि एकदा आकड्यांशिवाय, असं दोनदा घ्या.

दुकानात द्यायचंच ठरलं तर दोनच प्रश्न विचारा. फायरवायरने घेता का? आणि मूळ डीव्ही फाइल देता का? दुसऱ्या प्रश्नावर 'साहेब, एमपीफोर देतो, सगळ्यावर चालतं' असं उत्तर आलं, तर एमपीफोरही घ्या आणि मूळ फाइलही घ्या. डीव्हीची एमपीफोर करताना प्रत्येक फ्रेममधली तारीख उडते. हार्डडिस्क आपली घेऊन जा, नाहीतर 'फाइल फार मोठी आहे' हे कारण तयार असतं.

मेमरी कार्डवाल्या कॅमेऱ्यांचं, म्हणजे २००६ नंतरच्या एव्हीसीएचडी या फॉर्मॅटचं, काम सोपं आहे. त्याच्या एमटीएस फाइलच्या पोटात तारीख असते आणि एक्झिफटूल हा प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. फक्त एकेक फाइल ओढून काढू नका. लांब शूटिंगचे तुकडे पडलेले असतात, म्हणून कार्डवरचा पूर्ण फोल्डर उचला.

एमपीफोर बनवून त्यात तारीख हाताने घालणार असाल तर एक खड्डा सांगून ठेवतो. त्या फॉर्मॅटमधली वेळ ग्रीनिचची धरली जाते. तुम्ही आपली वेळ, संध्याकाळचे सात, तशीच लिहिली, तर फोनवरचं ॲप त्यात साडेपाच तास मिळवतं आणि व्हिडिओ रात्री साडेबाराचा होतो, तोही दुसऱ्या दिवशीचा. आमच्या पुतणीचा वाढदिवस असाच एक दिवस पुढे गेला होता. साडेपाच तास वजा करून लिहा. फाइलच्या नावातही तारीख ठेवा, २००८-०९-१९ अशी वर्ष आधी घालून, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

राहिला प्रश्न मुळात चुकलेल्या घड्याळाचा. कॅमेरा बरेच महिने बंद राहिला की आतली छोटी बॅटरी उतरते आणि घड्याळ मागे जातं. आमच्या एका कॅसेटवर लक्ष्मीपूजनाचं शूटिंग ३ जानेवारी १९९८ चं निघालं. जानेवारीत लक्ष्मीपूजन कुठून येणार? बाबांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं, पान नोव्हेंबर २००४ चं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. पण ही तारीख चुकीची म्हणून फेकायची नाही. चुकलेलं घड्याळही पुढे बरोबर वेगानेच चालतं, त्यामुळे एका प्रसंगाची खरी तारीख कळली की त्यापुढच्या सगळ्यांची निघते, पुन्हा बॅटरी उतरेपर्यंत. त्याच कॅसेटवर पुढे कॅमेऱ्याच्या हिशेबाने १७ जानेवारीला रामकुंडावर दिवेच दिवे होते. चौदा दिवसांचा फरक मिळवला, २६ नोव्हेंबर आली. पंचांग काढून बघितलं, त्या रात्री त्रिपुरी पौर्णिमा होती.