ट्रायकोमोनास शोधायचा तर ओली स्लाइड की पीसीआर?

फेसाळ, पिवळट-हिरवट स्राव, खाज आणि ४.५च्या वर गेलेला योनीचा पीएच (आम्लतेचं माप) यांवरून ट्रायकोमोनासचा (शरीरसंबंधातून पसरणारा एकपेशीय जंतू) संशय घेता येतो, निदान नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्येही (योनीतल्या जिवाणूंचं संतुलन बिघडण्याचा विकार) पीएच असाच चढतो. शासकीय सुरक्षा क्लिनिकमधलं (लैंगिक आजारांचा दवाखाना) हिरवं किट (सेक्निडाझोल २ ग्रॅम, फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम) लक्षणांवरून दिलं जातं. ज्या बाईला काहीच त्रास नाही, ती या चाळणीतून सुटते, आणि अशा बायका थोड्या नसतात.

ओली स्लाइड स्वस्त आणि तिथल्या तिथे होणारी. स्वॅब योनीच्या मागच्या कोनाड्यातून घ्यायचा, सलाइनच्या थेंबात घोळवायचा, कव्हरस्लिप ठेवून आधी १०च्या आणि मग ४०च्या लेन्सखाली पाहायचं. कंडेन्सर (स्लाइडखालचं, उजेड एकवटणारं भिंग) खाली घ्या, नाहीतर उजेडात जंतू हरवतो. केओएचचा (बुरशी पाहण्यासाठीचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड) थेंब वेगळ्या स्लाइडवर टाका, कारण त्यात ट्रायकोमोनास टिकत नाही. धक्के खात, अडखळत हलणारा जंतू दिसला की प्रश्न मिटला.

घोडं अडतं ते इथेच: तो हलला तरच ओळखू येतो. आकाराने तो जवळपास पस सेलएवढाच (पस सेल म्हणजे पूमधली पांढरी पेशी). गार पडून थांबला की पस सेलच्या गर्दीत अनुभवी डोळाही फसतो. स्लाइड १० मिनिटांत पाहायला हवी. तासाभरात सापडण्याचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत घसरू शकतं. आणि आपल्याकडे स्वॅब बहुधा ओपीडीत घेतला जातो, मायक्रोस्कोप दुसऱ्या मजल्यावर, नाहीतर दुसऱ्या गावात. काही जण नमुना 'खराब होऊ नये' म्हणून फ्रीजमध्ये ठेवतात, तिथे तर हालचाल संपलीच. सगळं नीट केलं तरी कल्चरच्या (नमुन्यातला जंतू वाढवून पाहणं) तुलनेत ४४ ते ६८ टक्केच रुग्ण पकडले जातात. म्हणून रिपोर्टवर 'दिसला नाही' एवढंच लिहावं.

कल्चरला ३७ अंशांवर ५ दिवसांपर्यंत रोज डोकवावं लागतं. मेट्रोनिडाझोल हे नेहमीचं औषध लागू पडत नाही असा संशय असेल तर त्याला पर्याय नाही, एरवी वाट पाहण्यात रुग्ण हातचा जातो. अँटिजेन कार्ड (जंतूची प्रथिनं ओळखणारी झटपट चाचणी) १० ते १५ मिनिटांत उत्तर देतं, ओल्या स्लाइडपेक्षा सरसही आहे; नियमित मिळत असेल तर जरूर ठेवा.

पीसीआर जंतूचा डीएनए शोधतं; त्याला जंतू जिवंत नसला तरी चालतो, म्हणून प्रवासाची धास्ती नाही. बाईने स्वतः घेतलेला योनीचा स्वॅबही चालतो, स्पेक्युलम (योनी उघडून पाहण्याचं उपकरण) नको. मात्र किटसोबतचाच स्वॅब आणि ट्यूब वापरा. खर्च जास्त, रिपोर्ट उशिरा, हे खरंच. शिवाय सात-सात जंतूंची पॅनेल विकली जातात. त्यात युरियाप्लाझ्मा (निरोगी बायकांतही आढळणारा जंतू) निघाला की नको ती अँटिबायोटिक्स सुरू होतात. शक्य तिथे फक्त हवा तोच जंतू मागवा.

मायक्रोस्कोप शेजारच्याच टेबलावर असेल तर ओल्या स्लाइडने सुरुवात करायला हरकत नाही. पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस सुरू करता येतं. जोडीदारावरही उपचार हवेतच. निगेटिव्ह आली आणि संशय कायम असेल, किंवा मायक्रोस्कोप लांब असेल, तर माझा कल सरळ पीसीआरकडे. उपचारांनंतरची तपासणी ३ महिन्यांच्या सुमारास ठेवा. ३ आठवड्यांच्या आत केली तर मेलेल्या जंतूंचे अवशेषही पॉझिटिव्ह दाखवू शकतात.